रोजचं कुतूहल : कोथिंबिरीसाठी गाडी का काढावी लागते?

माटुंग्यात कोथिंबिरीची जुडी आणायला कुणी गाडी काढत नाही. १८९६च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंगा हे तेव्हाचं उपनगर आखलं. तिथे मुख्य रस्त्यांवर तळाला दुकानं आणि वर बिऱ्हाडं आली.

वाण्याचं दुकान चालायला पाच मिनिटांच्या अंतरात पुरेशी घरं लागतात. दुकान टिकलं की माणसं पायी निघतात. त्या वर्दळीवर शेजारचा शिंपी, इस्त्रीवालाही तगतो. सकाळी दूध, संध्याकाळी भाजी. रस्ता दिवसभर जागा, म्हणून आजीही निर्धास्त एकटी जाते.

नव्या संकुलांत घरं भरपूर, पण फाटक एकच! भिंतीपलीकडचं दुकान खिडकीतून दिसतं, तिथे पोचायला मात्र अख्खा वळसा. मला वाटतं, आधी त्या भिंतीत एक छोटं दार पाडावं.