बालाघाटाचा वारा आणि उडती तबकडी

बीडहून सोलापूरच्या रस्त्याने निघालात की मांजरसुंब्याचा घाट लागतो. घाट चढून वर आलात की आधी टोपी धरावी लागते, मग ओढणी, मग हातातला भेळीचा कागद. बालाघाटाच्या या पठारावर वारा कधी पुरता थांबतच नाही असं वाटतं. उगीच नाही इथल्या आणि पाटोद्याकडच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या! आखाडात तर गंमतच असते. ढग पश्चिमेकडून पळत येतात, आपल्याकडे ढुंकूनही न पाहता पळत पुढे जातात. पाऊस सह्याद्रीवरच रिता करून आलेले असतात ना! आपल्या वाट्याला उरतो तो नुसता वारा.

अशा उघड्या माळावर खेळायचं तरी काय? क्रिकेट खेळलात तर उंच मारलेला चेंडू थेट ओढ्यात. बॅडमिंटनचं नावच काढू नका, फूल मारणाऱ्याच्याच डोक्यावर परत येईल. पण एक खेळ असा आहे की त्यात वारा हा जणू जास्तीचा खेळाडूच असतो. त्याचं नाव डिस्क गोल्फ.

गोल्फ म्हटल्यावर हिरवळ आणि महागड्या काठ्या डोळ्यांपुढे आल्या असतील तर त्या पुसून टाका. इथे काठी नाही, चेंडू नाही, खड्डाही नाही. असते ती एक प्लॅस्टिकची तबकडी, आपल्या फ्रिस्बीची धाकटी बहीण, आणि दूर एका खांबाला बसवलेली लोखंडी टोपली. ठरलेल्या जागेवरून तबकडी फेकायची. जिथे पडेल तिथे चालत जायचं आणि तिथून पुन्हा फेकायची. टोपलीत पडली की पुढच्या टोपलीकडे. अशा ९ किंवा १८ टोपल्या. सगळ्यांत कमी फेकी ज्याच्या, तो जिंकला.

टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. त्या शोभेच्या नाहीत हं. जोरात आलेली तबकडी नुसत्या खांबावर आदळली तर टणकन उडून लांब जाईल. साखळ्या मात्र स्वतः हलतात, खळखळतात आणि तबकडीचा वेग वाटून घेतात. वेग संपला की ती निमूट खाली टोपलीत पडते. ही युक्ती एड हेड्रिक नावाच्या अमेरिकी गृहस्थांची. त्यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिलं कायमचं मैदान आखलं, तेव्हा तिथे टोपल्या नव्हत्याच, खांब होते. मग "लागली!", "नाही लागली!" अशी भांडणं. साखळ्या वाजल्या आणि तबकडी टोपलीत दिसली की भांडायला जागाच उरत नाही. आज जगात अशी दहा हजारांहून जास्त मैदानं आहेत. हेड्रिक २००२ मध्ये वारले आणि त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांची थोडी रक्षा नव्या तबकड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळली गेली. खरंच! मेल्यावरही उडत राहायचं, असा त्यांचा बेत.

बरं, तबकडी उडते कशी? दोन गोष्टी लागतात, आकार आणि गिरकी. तबकडीची पाठ फुगीर असते. ती पुढे सरकताना हवा खाली वळवते, आणि हवा खाली गेली की तबकडी वर उचलली जाते. पण ही उचल बरोबर मधोमध लागत नाही, थोडी पुढे-मागे लागते. त्यामुळे गिरकी न देता फेकलेली तबकडी लगेच कोलांटी खाते. करून पाहा. गिरकी दिली की ती भोवऱ्यासारखी वागते. फिरता भोवरा बोटाने हलकेच ढकला. तो ढकललेल्या दिशेला पडत नाही, काटकोनात भलतीकडेच कलतो. तबकडीचंही तसंच. हवा तिचं नाक वर उचलू पाहते आणि ती कलते बाजूला. उजव्या हाताने, छातीसमोरून आडवी फेकलेली तबकडी वेग कमी झाला की शेवटी डावीकडे वळते ती यामुळे. वेग फार असला तर हवेचा जोर मागच्या बाजूला लागतो, नाक खाली दाबलं जातं, आणि तीच तबकडी सुरुवातीला उजवीकडे झुकते. चांगला फेकणारा हे आधीच धरून चालतो. त्याची तबकडी इंग्रजी एस अक्षर काढत टोपलीपाशी पोचते.

आता वाऱ्याकडे येऊ. वारा पाठीमागून असला तर तबकडी लांब जाईल आणि समोरून असला तर थांबेल, असं कुणीही सांगेल. पण समोरचा वारा तबकडीला आधी वर उचलतो आणि पाठचा वारा तिला खाली पाडतो! तबकडीला जमीन कळत नाही, हे त्याचं कारण. तिला फक्त अंगावरून जाणारी हवा कळते.

हिशेबच करू. समजा तुम्ही तबकडी सेकंदाला १५ मीटर वेगाने फेकली आणि वारा सेकंदाला ५ मीटरचा आहे. वारा समोरून असेल तर तबकडीच्या अंगावरून हवा २० मीटर वेगाने जाते. वारा पाठीमागून असेल तर फक्त १० मीटर वेगाने. वेग दुप्पट झाला की उचल दुप्पट नाही, चौपट होते. म्हणजे फेक तीच, हात तोच, पण वाऱ्याकडे तोंड केलं तर पाठ केली असती त्याच्या चौपट उचल! म्हणून समोरच्या वाऱ्यात नवखा फेकतो तेव्हा तबकडी डोक्याइतकी, झाडाइतकी वर चढते, उजवीकडे उलटते आणि कुठल्या कुठे जाऊन पडते. मुरलेला खेळाडू खाली, गवताला लागेल की काय अशी फेकतो. तिथे वारा कमीच असतो, कारण दगड, झुडपं, गवत त्याला अडवत असतात. पवनचक्कीवाले याच्या बरोबर उलट करतात. त्यांना वारा हवा असतो, म्हणून ते खांब उंच बांधतात.

मग पाठच्या वाऱ्याचा काहीच उपयोग नाही का? आहे की. २०१६ मध्ये डेव्हिड विगिन्स ज्युनियर या तरुणाने अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात तबकडी ३३८ मीटर फेकली, आणि वारा पाठीमागून सुसाट होता. त्याने ती खूप उंच सोडली. उचल कमी असली तरी खाली यायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात वाहती हवाच तिला पुढे घेऊन गेली. उंच फेकायची ताकद नसेल तर मात्र पाठचा वारा तबकडी पायाशीच आपटवतो.

सपाट वाळवंटातली गोष्ट ही. आपला तर डोंगर आहे! पश्चिमेचा वारा बालाघाटाच्या उतारावर येऊन धडकतो. पुढे जायला जागा नाही, म्हणून वर चढतो. कडेपाशी उभं राहून मूठभर भुसा खाली सोडला तर तो खाली जायच्या ऐवजी तुमच्या डोक्यावरून मागे जातो. पंख न हलवता कडेवर तरंगणाऱ्या घारींना हे आपल्या आधीपासून ठाऊक आहे. २००३ मध्ये एरिन हेमिंग्ज याने सॅन फ्रान्सिस्कोजवळ फोर्ट फन्स्टन इथे मधे भोक असलेली चकती ४०६ मीटर फेकली. ती जागाही समुद्रकाठच्या वाऱ्याच्या कड्यावरची, घारींसारखं तरंगणाऱ्या हँगग्लायडरवाल्यांची आवडती. टेकडीच्या मागच्या अंगाला मात्र सावध. तिथे वारा खाली कोसळतो, गिरक्या घेतो, आणि तबकडी कुणीतरी वरून चापट मारावी तशी पडते.

वाऱ्याची दिशा ओळखायला आपल्याकडे जगातला सगळ्यांत मोठा दिशादर्शक आहे, पवनचक्की. तिचं डोकं वाऱ्याकडे आपोआप वळतं. पाती कुणीकडे तोंड करून आहेत ते पाहिलं की झालं. तेवढ्यात घड्याळ लावून फेऱ्याही मोजा. ५० मीटर लांब पातं मिनिटाला १२ वेळा फिरत असेल, तर त्याचं टोक दर ५ सेकंदांना ३१४ मीटर जातं. म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटर! दुरून किती आळशी दिसतं, नाही? पण पाहायचं ते लांबूनच. पवनचक्कीच्या कुंपणाजवळ, रस्त्यालगत आणि कठडा नसलेल्या विहिरीच्या आसपास तबकडी फेकायची नाही.

मैदान मांडायला फार काही लागत नाही. हेड्रिकच्या टोपल्यांच्या आधी लोक झाडांवर आणि दिव्याच्या खांबांवरच नेम धरून खेळायचे. आपल्याकडे जुनी दुरडी आहे, दगडावर आडवं ठेवलेलं घमेलं आहे, तबकडी लागली की तेही छान वाजतं. सीताफळाची झुडपं तर बालाघाटात हवी तितकी. शेळ्या त्याचा पाला खात नाहीत, म्हणून ती टिकून राहतात. आश्विनात फळं लागली असतील तर तो निशाणा तेवढा बदला, नाहीतर झाडाचा मालक तुमच्यावर निशाणा धरेल. पायात बूट आणि जाड मोजे घाला. कुसळीचं बी मोज्यात घुसलं की काढता काढता संध्याकाळ होते. त्याची लांब शेपटी ओल लागली की पीळ सोडते, वाळली की पुन्हा पीळ भरते आणि बियाला जमिनीत रुतवत नेते. मोजा आणि जमीन यांतला फरक बिचाऱ्याला कळत नाही.

उतारावर आणखी एक संकट असतं, तबकडी कडेवर पडण्याचं. आडवी पडली तर जागच्या जागी थांबते. कडेवर पडली तर चाक होते आणि उताराने गडगडत, उड्या मारत थेट नाल्यापर्यंत जाते. नियम असा की थांबेल तिथून पुढची फेक. टोपलीपासून दोन पावलांवर आलेली तबकडी अशी शंभर पावलं खाली गेली की मोठी माणसंसुद्धा डोकं धरून बसतात. म्हणून उतारावर जवळची फेक करताना तबकडी आडवी, सपाट आणि हळू सोडायची.

आणि हो, प्रत्येक टोपलीला किती फेकी लागाव्यात याचा एक आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. इतर ठिकाणी तो एकदा लिहिला की संपलं. बालाघाटावर तसं चालायचं नाही. आखाडात वारा पश्चिमेचा, आणि थंडीत तो बहुधा पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो, जरा नरम होऊन. पश्चिमेकडे फेकायची टोपली आखाडात वाऱ्याला सामोरी, तर पौषात तीच वाऱ्याच्या पाठीवर. तेव्हा पाटीवर दोन आकडे लिहावे लागतील, आखाडात ४ आणि पौषात ३. मधल्या महिन्यांत पवनचक्कीचं तोंड पाहायचं आणि कोणता आकडा धरायचा ते पहिली तबकडी सुटायच्या आधीच ठरवून टाकायचं.