पाटीवरचा ‘डॉ.’ आणि नोंदवहीतला नंबर

भिलाईच्या टाउनशिपमध्ये कुत्रा पाळणं ही काही नवी हौस नाही. पोलाद कारखान्याच्या जुन्या क्वार्टरांना अंगण असायचं, अंगणाला फाटक आणि फाटकामागे कोणीतरी भुंकणारं. आता नेहरूनगर, स्मृतीनगर, जुनवानीकडच्या फ्लॅटांतही लॅब्रेडॉर, पग आणि पर्शियन मांजरं आली. त्यांच्यामागोमाग जी.ई. रोडवर पंजाचं चित्र काढलेल्या ‘पेट क्लिनिक’च्या पाट्याही आल्या. बहुतेक पाट्यांमागे खरोखरचा पशुवैद्यक बसलेला असतो. पण बहुतेक म्हणजे सगळ्या नव्हेत, आणि खरा कोणता हे ओळखण्याच्या आपल्या खुणाच मुळात चुकीच्या आहेत.

पहिली खूण म्हणजे अर्थातच नावाआधीचा ‘डॉ.’. हे एक अक्षर पाटी रंगवणारा कुणाच्याही नावाला लावून देतो. प्राणिशास्त्रात पीएच.डी. केलेला माणूसही डॉक्टर असतो, होमिओपॅथीवालाही असतो, आणि माणसांचा एम.डी. तर असतोच. यांपैकी कुणालाही तेवढ्या आधारावर कुत्र्या-मांजरांवर उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही. तो अधिकार भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ मधून येतो. त्या कायद्याचं कलम ३० सांगतं की पशुवैद्यकीचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानंच करायचा आणि प्राण्याच्या आरोग्याचा दाखलाही त्यानंच सही करून द्यायचा. नोंदणीसाठी मान्यताप्राप्त पदवी लागते. ती आजकाल बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. या नावानं मिळते आणि इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची असते. पदवी विद्यापीठ देतं, नोंदणी राज्याची परिषद करते आणि देशभराची नोंदवही दिल्लीची भारतीय पशुवैद्यक परिषद ठेवते. म्हणजे भिंतीवर फ्रेम करून लावलेली पदवी हा अर्धाच पुरावा झाला. उरलेला अर्धा म्हणजे नोंदणी क्रमांक, आणि ती नोंदणीही ठरावीक मुदतीनं नवी करून घ्यावी लागते.

“सरकारी दवाखान्यातला आहे, म्हणजे डॉक्टरच असणार,” हा दुसरा समज. छत्तीसगडच्या पशुधन विकास विभागात पदवीधर पशुवैद्यक असतात, तसे डिप्लोमा केलेले सहायक पशु चिकित्सा क्षेत्र अधिकारीही असतात. महाराष्ट्रातले पशुधन पर्यवेक्षक साधारण याच जातकुळीचे. शिवाय गावोगावी गोसेवक असतात, कृत्रिम रेतन करणारे ‘मैत्री’ कार्यकर्ते असतात. लोक सगळ्यांनाच ‘डॉक्टर साहब’ म्हणतात. या मंडळींना भोंदू म्हणणं अन्यायाचं होईल. रात्री दोनला गोठ्यात गाय अडली तर धावून येणारा बहुधा यांच्यातलाच एखादा असतो. कायद्यानंही त्यांना जागा दिली आहे : राज्य सरकारच्या आदेशानं, नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि सूचनेनुसार ‘किरकोळ पशुवैद्यकीय सेवा’. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी ही उदाहरणं कायद्यातच दिली आहेत, आणि राज्य सरकार त्यांत आणखी कामांची भर घालू शकतं. अडचण ‘देखरेखीखाली’ या अटीपाशी येते. नोकरीची वेळ संपल्यावर तोच माणूस मोटारसायकलला बॅग लटकवून सेक्टरमध्ये घरोघरी सुया देत फिरतो, तेव्हा देखरेख कुणाची? आणि कुत्रीचं पोट उघडून गर्भाशय काढणं तर कुठल्याच अर्थानं किरकोळ नाही.

आता ज्या समजापुढे भलेभले हात टेकतात तो : “अहो, त्याची एक सुई लागली आणि आमचा ब्रूनो तासाभरात उठून बसला!” असेलही उठला. पण कशानं उठला, हे विचारायला हवं. अशा सुईत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडनं ताप उतरतो, भूक लागते, जनावर तरतरीत दिसतं. त्याच वेळी शरीराची प्रतिकारशक्ती दबते. पार्व्हो विषाणूनं रक्ताचे जुलाब होणाऱ्या पिल्लाला गरज असते ती सलाइनची आणि तासातासाला लक्ष देणाऱ्या माणसाची. तरतरी येऊन दीड दिवस वाया गेला तर पिल्लू हातचं जातं.

आपल्याकडच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात फार दिसणारा गोचीड ताप घ्या. रीतसर शिकलेला पशुवैद्यक बहुधा कुत्र्याच्या कानाच्या कडेला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतो, काचपट्टीवर पसरतो, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. तांबड्या पेशीत नासपतीच्या आकाराचे जोडीजोडीनं बसलेले जंतू दिसले की बॅबेसिया. मग औषध, आणि तेही वजन करून. गाईबैलांच्या अशाच तापावर गावोगाव वापरलं जाणारं डिमिनॅझिन कुत्र्यालाही देतात, पण कुत्र्याच्या बाबतीत उपयोगाचा डोस आणि विषारी डोस यांतलं अंतर फार थोडं आहे. जास्त झालं तर परिणाम थेट मेंदूवर होतो, जनावर तोल जाऊन पडतं, झटके येतात. बैलावर बसलेला अंदाज पगवर चालवणारा माणूस वाईट हेतूचा असतोच असं नाही. त्याला हे कुणी शिकवलेलंच नसतं. कोली जातीच्या कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन का जपून द्यायचं, मांजराला माणसांचं पॅरासिटामॉल का अजिबात द्यायचं नाही, हेही असंच. माणसांचे निष्णात डॉक्टर असलेले शेजारीसुद्धा दुसऱ्या बाबतीत चुकतात. मांजराचं यकृत पॅरासिटामॉल पचवू शकत नाही आणि अर्धी गोळीही जिवावर बेतते.

तेव्हा ‘गुण आला’ ही परवान्याची खूण नव्हे.

पेट शॉपमधून किंवा ब्रीडरकडून पिल्लू घेताना एक छापील पुस्तिका मिळते आणि सोबत आश्वासन : “सगळी इंजेक्शनं झालीत, रेबीजचंसुद्धा.” पिल्लू असतं पंचेचाळीस दिवसांचं. इथेच थांबावं. पार्व्हो-डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा द्यावी लागते, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिद्रव्यं सुरुवातीच्या लसीला दाबून टाकतात. रेबीजची लस पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. म्हणजे दीड महिन्याच्या पिल्लाचं ‘सगळं झालं’ हे विधान एक तर खोटं असतं, किंवा खरं असून निरुपयोगी असतं.

पुस्तिका उघडून बघा. लसीच्या कुपीवर एक लेबल असतं, त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते. ते सोलून पुस्तिकेत चिकटवलेलं असायला हवं, शेजारी तारीख, आणि सही करणाऱ्याचं नाव व नोंदणी क्रमांक वाचता येईल असा शिक्का. नुसती निळ्या शाईची वेलबुट्टी असेल तर त्या पानाला काहीच किंमत नाही. कुपी कुठं ठेवली होती हेही विचारावं. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहावी लागते. मे महिन्यातल्या भिलाईत डिकीत घालून फिरवलेली लस म्हणजे टोचलेलं पाणी. आणि हा प्रश्न फक्त कुत्र्याचा नाही. असल्या पुस्तिकेवर विसंबून घरातल्या मुलाला झालेला चावा अंगावर काढला आणि रेबीज सुरू झाला, तर माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

कागदाचं महत्त्व कळतं ते प्रवासाच्या वेळी. दुर्गहून रेल्वेनं कुत्रा नागपूरला न्यायचा तर पार्सल कार्यालयात पशुवैद्यकाचा दाखला दाखवावा लागतो, विमानाला तर लागतोच. नोंदणी नसलेल्याच्या सहीला तिथं कायद्यानं अर्थ नाही.

उलट्या बाजूचाही एक गैरसमज आहे, आणि त्यात चांगल्या माणसांवर विनाकारण संशय येतो. “यांचा नंबर मध्य प्रदेशातला दिसतोय, म्हणजे काहीतरी गडबड.” छत्तीसगड राज्यच १ नोव्हेंबर २००० रोजी झालं. त्याआधी शिकलेले कितीतरी पशुवैद्यक जबलपूर किंवा महूच्या महाविद्यालयातून आलेले आहेत. इकडच्या विदर्भाच्या शेजारामुळे नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे पदवीधरही भेटतात. देशाच्या नोंदवहीत नाव असलेला पशुवैद्यक भारतात कुठंही व्यवसाय करू शकतो. राज्य बदलल्यावर नोंदणी नव्या राज्याच्या परिषदेकडे वर्ग करून घेण्याची सोयही कायद्यात आहे. नंबर कुठल्या राज्याचा यापेक्षा तो त्या राज्याच्या नोंदवहीत सापडतो का आणि त्याच माणसाच्या नावावर सापडतो का, हे बघायचं.

नावामागच्या अक्षरांच्या आगगाडीलाही दबून जायचं कारण नाही. एम.व्ही.एस्सी. ही खरी पदव्युत्तर पदवी, पण ती एका विषयात असते. शल्यचिकित्सेतली असेल तर मोडलेल्या पायासाठी उपयोगाची, पशुपोषणातली असेल तर नाही. ‘डॉग स्पेशालिस्ट’ नावाची पदवी कुठलंच विद्यापीठ देत नाही.

राहिला संकोच. “डॉक्टरांना नंबर विचारायचा? किती वाईट दिसेल!” आपल्या मराठी घरांत हा अडसर जास्तच, असं माझं मत आहे. वकिलाला सनद विचारू, गॅसवाल्याला ओळखपत्र विचारू, डॉक्टरांपुढे मात्र जीभ रेटत नाही. खरं तर विचारावंही लागत नाही. “डॉक्टर साहब, पर्चे पर रजिस्ट्रेशन नंबर भी लिख दीजिएगा, सोसायटी में देना पड़ता है,” एवढं वाक्य पुरतं. खरा पशुवैद्यक शिक्का मारून मोकळा होतो. चिठ्ठी बघा : त्यावर तारीख, सही, तुमचं नाव-पत्ता आणि औषधाचं एकूण प्रमाण असावं, असं औषधांचे नियमच सांगतात. चिठ्ठीच न देता ड्रॉवरमधून सुट्ट्या गोळ्या काढून देणारा, कुपीचं लेबल दाखवायला टाळाटाळ करणारा माणूस असेल तर तिथून निघावं. जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर पाळीव जनावराच्या डोक्याचं चित्र आणि ‘फक्त प्राण्यांच्या उपचारासाठी’ या अर्थाची सूचना असते, ती वाचायची सवय लावून घ्यावी.

मिळालेला नंबर पडताळायचा कुठं? छत्तीसगड राज्य पशुवैद्यक परिषद रायपूरला आहे. नोंदवही हा कायद्यानं सार्वजनिक दस्तऐवज आहे, तेव्हा चौकशी करण्यात ओशाळण्यासारखं काही नाही. ब्रिटनमध्ये पशुवैद्यकांच्या रॉयल कॉलेजच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की काम होतं. आपल्याकडे फोन किंवा पत्राची तयारी ठेवावी. आजारी जनावर मांडीवर असताना हे होणार नाही, म्हणून पिल्लू घरात येण्याआधीच उरकावं.

मात्र नंबर खरा निघाला म्हणून माणूस हुशार आहे असं सिद्ध होत नाही. आयुष्यभर म्हशी तपासलेला पशुवैद्यक नोंदणीकृतच असतो, पण पर्शियन मांजराच्या मूत्रमार्गात खडा अडकल्यावर त्याचा हात थबकू शकतो. चांगला असेल तर तो तसं सांगतो आणि अंजोऱ्याला पाठवतो. दुर्ग–राजनांदगाव रस्त्यावरचं अंजोऱ्याचं पशुवैद्यक महाविद्यालय आपल्यापासून लांब नाही. ते कामधेनू विद्यापीठाचं आहे, आणि तिथं शल्यचिकित्सा, औषधशास्त्र, प्रसूती अशा वेगवेगळ्या विभागांचे लोक एका आवारात मिळतात. शस्त्रक्रिया ठरली तर भूल कोण देणार, भूल उतरेपर्यंत जवळ कोण बसणार, रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा, हे तीन प्रश्न पदवीपेक्षा जास्त सांगून जातात.

आणि नोंदणीचा खरा फायदा काही बिघडलं तरच दिसतो. नोंदणीकृत पशुवैद्यकानं हलगर्जी केली तर राज्य परिषदेकडे तक्रार करता येते आणि परिषद नोंदवहीतून नाव काढूही शकते. पैसे देऊन घेतलेली सेवा असल्यानं दुर्गच्या जिल्हा ग्राहक आयोगाचं दारही उघडं असतं. ज्याचं नाव नोंदवहीत नाहीच त्याला परिषद कशातून काढणार? त्याच्याविरुद्ध पोलीस ठाणं आणि पशुधन विकास विभाग गाठावा लागतो, आणि तिथं पहिला प्रश्न येतो तो चिठ्ठीचा, बिलाचा, रिकाम्या कुपीचा. हे तिन्ही जपून ठेवावं. पैसे यूपीआयनं दिले असतील तर त्याची नोंदही कामी येते.