रणातल्या एका दिवसाची तयारी : सायकल, पाणी आणि थोडं मोकळं बोलणं



आमच्या अच्छाडहून यंदा नववीच्या मुलांची एक दिवसाची सायकल सहल कच्छच्या छोट्या रणात न्यायचं ठरलं. सोबत तिथला वाटाड्या आणि गिअरच्या सायकली तिथेच भाड्याने. पालक सभेत एका आईने विचारलं, "बाई, आमची पोरगी रोज पाड्यावरून सायकलनेच शाळेत येते. तिला अजून कसली तयारी?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर त्या दिवशी मला नीट देता आलं नाही. सहा आठवड्यांच्या सरावात ते हळूहळू समजलं. तुम्हीही मुलांना अशा उघड्या, उन्हाच्या जागी नेणार असाल तर उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवते.

आधी जागा समजून घेऊ

आपण तलासरीच्या सीमेवरचे, त्यामुळे वर्गातल्या बऱ्याच मुलांना गुजराती समजतं. 'रण' म्हटल्यावर मराठीत लढाई आठवते, गुजरातीत रण म्हणजे वाळवंट. पण कच्छचं रण हे वाळूच्या टेकड्यांचं वाळवंट नाही. पावसाळ्यात तिथे पावसाचं आणि समुद्राचं पाणी पसरतं, पावसाळ्यानंतर ते हळूहळू आटतं आणि मागे सपाट, भेगाळलेली, खारट चिखलमाती उरते. मधेमधे थोडे उंच भाग असतात, त्यांना तिथे 'बेट' म्हणतात. अगरिया लोक इथेच मीठ पिकवतात. छोट्या रणातलं घुडखर अभयारण्य सुमारे ४,९५४ चौरस किलोमीटरचं आहे. आत जायला वनखात्याचा परवाना लागतो. सायकल कुठे न्यायची परवानगी आहे, हे वाटाड्याने आधीच पक्कं केलेलं असावं.

सायकलवाल्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? तीन गोष्टी. पहिली, सावली नाही. दुसरी, वारा अडवायला काही नाही. समोरून वारा आला की सपाट रस्ताही चढासारखा लागतो. तिसरी, वरून कोरडी दिसणारी पापडी खाली ओली असू शकते. म्हणून वाटाड्याच्या चाकोरीतूनच जायचं. "बाई, तिकडं शॉर्टकट दिसतोय" हे वाक्य रणात चालत नाही. दुपारी मृगजळ दिसतं, अंतराचा अंदाज चुकतो.

आता त्या आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. शाळेचा रस्ता तीन-चार किलोमीटरचा, सावलीचा, ओळखीचा. दमलं तर उतरून चालता येतं, कुणाच्याही अंगणात पाणी मिळतं. रणातले ३० किलोमीटर वेगळे आहेत, कारण तिथे अंगण नाही.

घाम : इथला आणि तिथला

हा भाग विज्ञानाच्या तासाला जरूर घ्या. दहावीत आपण अप्रकट उष्मा आणि आर्द्रता शिकवतो. घामाची वाफ होताना ती अंगातली उष्णता घेऊन जाते, म्हणून आपण थंड होतो. नुसता घाम येऊन उपयोग नाही, तो सुकला पाहिजे.

आपल्याकडे समुद्र जवळ, हवा दमट. घाम येतो, पण सुकत नाही. शर्ट भिजतो, जीव घाबरा होतो आणि आपण आपोआप थांबतो. रणात हवा कोरडी आणि वारा जोरात. घाम आल्याबरोबर सुकतो. कपडे कोरडेच राहतात, मुलांना वाटतं आपल्याला घामच येत नाही. शरीरातलं पाणी मात्र जातच असतं. आपल्याकडे अंग सांगतं, तिथे घड्याळ बघून प्यावं लागतं.

डिसेंबर-जानेवारीत तिथे सकाळी चांगली थंडी असते. थंडीत तहान कमी लागते, म्हणून मुलं पहिले दोन तास पाणीच पीत नाहीत आणि दुपारी त्रास होतो.

किती पाणी लागेल, याचं गणित मुलांकडूनच करून घेतलं. मुलं १२, मोठी माणसं ३, म्हणजे १५ जण. सायकलवरचा वेळ ५ तास. दर माणशी तासाला पाऊण लिटर धरलं तर १५ × ५ × ०.७५ = ५६.२५ लिटर. अडीअडचणीला एक चतुर्थांश जास्त, म्हणजे साधारण ७० लिटर. २० लिटरचे ४ जार. फळ्यावर हे मांडल्यावर मुलांनी स्वतःच विचारलं, "मग एवढं पाणी घेऊन जाणार कोण?" म्हणजे सोबत गाडी हवी. वाटाड्याला विचारायचा पहिला प्रश्न मुलांनीच शोधला.

ऑक्टोबरमधली ती फेरी

दर रविवारी एक फेरी असा सराव ठेवला होता. हायवेवर कधीच नाही. ट्रकची रांग असते आणि सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने गाड्या येतात. आतल्या पाड्यांच्या रस्त्यांनी, कधी कुर्झे धरणाच्या बाजूला. पहिल्या आठवड्यात ८ किलोमीटर, मग १२, १६, २०, २४ आणि शेवटच्या आठवड्यात हलकीच फेरी. पूर्ण अंतर आधीच मारायची गरज नाही, तीन चतुर्थांश जमलं की पुरे.

तिसऱ्या फेरीला परत येताना आमची सगळ्यात जोरात सायकल चालवणारी मुलगी रस्त्याच्या कडेला बसली. डोकं दुखतंय, डोळ्यापुढे अंधारी येतेय. झाडाखाली झोपवलं, पाय थोडे वर ठेवले, चेहऱ्यावर-मानेवर ओला रुमाल ठेवला, घोट घोट साखर-मिठाचं पाणी दिलं. अर्ध्या तासात ती सावरली. तिची बाटली उचलली तर जवळजवळ भरलेली! मी रागावलेच, "पाणी होतं ना तुझ्याजवळ?"

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी डबा खाताना हळूच म्हणाली, "बाई, प्यायलं तर जावं लागतं. मध्ये कुठं जाणार?"

मला माझीच लाज वाटली. पाण्याचा हिशोब केला, बाटल्या तपासल्या, पण हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. मग इतर मुलींना विचारलं. बहुतेक जणी शाळेतसुद्धा दुपारपर्यंत पाणी टाळतात. मुलांमध्ये दुसरी लाज निघाली. "दमलो" म्हटलं की बाकीचे हसतात, म्हणून सांगत नाहीत.

तेव्हा कळलं, पाणी सोबत असणं वेगळं आणि पाणी पिता येणं वेगळं. त्या आईच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर हेच आहे. तिच्या मुलीचे पाय तयार होतेच. पाणी प्यायला आणि "जमत नाही" म्हणायला लाज वाटू नये, ही तयारी मोठ्यांनी करायची होती.

मग आम्ही काय बदललं

१. दर २० मिनिटांनी शिट्टी. सगळ्यांनी थांबायचं, सगळ्यांनी प्यायचं, बाईंनी आणि सरांनीसुद्धा. तहान लागली का, हा प्रश्नच नाही.

२. दर दीड तासाला लघवीसाठी थांबा, आधीपासून ठरलेला. मुलं सरांबरोबर एका बाजूला, मुली माझ्याबरोबर गाडीच्या दुसऱ्या बाजूला. दोन जुन्या साड्या आणि चार काठ्या यांचा आडोसा आम्ही शाळेच्या मैदानात बांधून पाहिला. दहा मिनिटांत होतो. सोबत पॅड, कागद, पिशवी. वापरलेलं काहीही रणात टाकायचं नाही.

३. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरतंय, गडद असेल तर कमी पडतंय. हे वर्गात सरळ शब्दांत सांगितलं. पहिल्यांदा खुसुखुसू हसले, मग वहीत लिहून घेतलं.

४. रांगेचा वेग सगळ्यात हळू चालवणाऱ्याचा. पुढे वाटाड्या, शेवटी मोठं माणूस, आणि दोघांच्या मधेच सगळे. हात वर केला की रांग थांबते, कारण कुणी विचारायचं नाही.

साखर-मिठाचं पाणी घरी करायचं तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ओआरएसचं मोठं पाकीट असेल तर त्यावर लिहिलेल्या मापानेच, साधारणपणे १ लिटरला एक. अंदाजाने मीठ वाढवू नका.

आणि हे लक्षात ठेवा : चक्कर, डोकेदुखी, मळमळ असेल तर सावली, गारवा, घोट घोट पाणी. पण मूल असंबद्ध बोलू लागलं, ओळखेनासं झालं, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात समजायचा. अंगावर पाणी ओतून वारा घालायचा, शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, आणि लगेच दवाखाना. १०८ ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात आहे तशी गुजरातमध्येही आहे. रणात फोनला सगळीकडे रेंज मिळेलच असं नाही, म्हणून रेंज कुठे मिळते हे वाटाड्याला आधी विचारा.

सायकलीचं थोडंसं

आमच्या मुलांच्या सायकली बिनगिअरच्या. राज्यात मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, त्याही साध्याच असतात. म्हणून दोन गिअरच्या सायकली ओळखीतून मागून आणल्या आणि पाळीपाळीने शिकवलं.

- गिअर चढ किंवा भुसभुशीत माती यायच्या आधी बदलायचा, हलका पाय मारत. अडकल्यावर बदलायला गेलं की चेन उतरते.
- कोणत्या हाताचा ब्रेक कोणत्या चाकाचा, हे सायकल हातात आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तपासायचं. सगळ्या सायकलींचं सारखं नसतं.
- पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील एवढी सीट उंच. सीट खाली असली की गुडघे दुखतात.
- मऊ मातीत टायरची हवा थोडी कमी ठेवली तर टायर पसरतो आणि रुतत नाही. किती कमी, ते वाटाड्याने ठरवायचं. हँडल घट्ट आवळायचं नाही, वजन जरा मागे, पाय चालू. हे शिकायला आम्ही टेम्पोत सायकली घालून बोर्डीच्या किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या झाडांजवळच्या कोरड्या वाळूत सगळे पडले आणि सगळे शिकले. परत आल्यावर चेन गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेल द्यायचं. रणातही मीठच आहे, तिथून आल्यावरही हेच.
- हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटं, पट्टा हनुवटीखाली घट्ट.
- रणाच्या कडेला विलायती बाभूळ खूप. गुजरातीत 'गांडो बावळ', म्हणजे वेडी बाभूळ. काटे टायरमधून आत जातात. जादा ट्यूब आणि पंप हवाच.

कपडे पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे, सुती. पहाटेसाठी स्वेटर. ओढणी नको, सलवारचा पायघोळ नको. चेनमध्ये आणि चाकात अडकून वाईट अपघात होतात. डोळ्यांना गॉगल, ओठांना व्हॅसलीन.

खायला महागडं काही लागत नाही. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, शेंगदाणा-गुळाची चिक्की, केळी, आपल्या घोलवडचे चिकू. मधेमधे थोडं थोडं.

वाटाड्याला विचारायचे प्रश्न

हे मुलांनी लिहिले, मी फक्त क्रम लावला. गाडी पूर्ण वेळ आमच्यासोबत असेल का? किती मुलांमागे एक वाटाड्या? आमच्या उंचीच्या सायकली आणि हेल्मेट आहेत का? जवळचा दवाखाना किती वेळाच्या अंतरावर? वारा वाढला तर कुठून परत फिरणार? किती वाजता परत फिरायचंच?

एका ठिकाणी उत्तर आलं की गाडी मुक्कामावर थांबेल, मुलं काय पळवतील सायकली! तिथे आम्ही नम्रपणे नाही म्हटलं. दर थोडा जास्त पडला, पण गाडी सोबत येणारा वाटाड्या घेतला. पालकांना कारण सांगितलं तेव्हा एकानेही हुज्जत घातली नाही.

परत फिरायची वेळ ठरली की ती ठरली. घुडखर अजून दिसला नाही म्हणून अर्धा तास वाढवायचा नाही. दिसला तरी सायकलने त्याच्या मागे लागायचं नाही. आणि मिठाच्या वाफ्यांवरून सायकल घालायची नाही. आपल्या जिल्ह्यातही मिठागरं आहेत, त्यामागची मेहनत मुलांना सांगा.

वर्गात घेता येईल असं

- गणित : आपल्या सहलीसाठी पाण्याचा हिशोब करा. दोन तास उशीर झाला तर किती जार लागतील?
- विज्ञान : दोन सारखे ओले रुमाल, एक बंद खोलीत, एक पंख्याखाली. कोणता आधी सुकतो, का?
- भूगोल : वाळूचं वाळवंट आणि मिठाचं रण यांत फरक सांगा.
- मराठी : वाटाड्याला पत्र लिहा.

आमची ती मुलगी आता ठीक आहे. पुढच्या फेरीपासून शिट्टी तिच्याकडेच दिली. वेळेवर वाजवते, आणि कुणी बाटली नुसती तोंडाला लावून खाली ठेवली तर ओरडतेसुद्धा.

पालकहो, एक विनंती. सहलीचं संमतीपत्र सही करून पाठवाल तेव्हा मुलीला एकदा विचारा : "शाळेत दिवसभरात पाणी किती पितेस?" उत्तर ऐकून घ्या, आणि आम्हालाही कळवा.