दिसतो फक्त पर, मोजायचा अख्खा डॉल्फिन

बारावीनंतर 'मला डॉल्फिनवर काम करायचंय' म्हणणाऱ्या मुलामुलींच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा एकच चित्र असतं: निळंशार पाणी, अंगाला घट्ट बसलेला काळा पोशाख आणि शेजारून पोहणारा डॉल्फिन. हे चित्र सिनेमांनी आणि परदेशातल्या मत्स्यालयांनी दिलेलं आहे. कोकण किनाऱ्यावर अभ्यास करणारे विद्यार्थी पाण्यात क्वचितच उतरतात. उतरून उपयोगही नाही, कारण किनाऱ्यालगतचं पाणी इतकं गढूळ असतं की हातभर अंतरावरचा डॉल्फिन दिसायचा नाही. पहाटे एखाद्या मच्छीमाराच्या होडीत बसायचं, आधी आखलेल्या रेषेवरून संथपणे जायचं, जीपीएसची नोंद, खोली, वाऱ्याचा जोर वहीत लिहायचा आणि बराच वेळ काहीही न दिसणाऱ्या समुद्राकडे बघत राहायचं, असं हे काम आहे. प्राण्याचं जे थोडंसं वर दिसतं, ऐकू येतं किंवा मरून किनाऱ्याला लागतं, त्यावरून न दिसणाऱ्या उरलेल्याचा हिशेब लावायचा. बहुतेक गैरसमज हा हिशेब माहीत नसल्यामुळेच होतात.

'त्यासाठी खोल समुद्रात, नाहीतर परदेशात जावं लागतं'

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारा हिंदी महासागरी हंपबॅक डॉल्फिन हा किनाऱ्याला धरून राहणारा प्राणी आहे. साधारण 20-25 मीटरपेक्षा उथळ पाणी आणि खाड्यांची मुखं ही त्याची जागा. मालवण, दापोलीच काय, मुंबईच्या किनाऱ्यावरूनही तो दिसतो. त्याची अडचणही हीच. जाळी, जेट्या, ड्रेजिंग, शहरांचं सांडपाणी, माणसाचा सगळा पसारा नेमका त्याच अरुंद पट्ट्यात येतो. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने 2017 मध्ये त्याला 'संकटग्रस्त' ठरवलं. सिंधुदुर्गात 'कोकण सिटेशियन रिसर्च टीम' या गटाने जे काम केलं, ते याच पट्ट्यात, छोट्या होड्यांतून.

देवमासे थंड समुद्रातच असतात, ही समजूतही इथेच बाजूला ठेवावी. निळा देवमासा आणि ब्राइड्स देवमासा दोन्ही अरबी समुद्रात आहेत. अरबी समुद्रातल्या हंपबॅक देवमाशांची गोष्ट तर वेगळीच. जगभरातले त्यांचे भाऊबंद दर वर्षी ध्रुवाकडे चरायला जातात, हे जात नाहीत. त्यांना अन्न इथेच मिळतं. हे कळलं कसं, तर 1966 च्या नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांजवळ दोनशेहून जास्त हंपबॅक बेकायदा मारले. त्यांच्या पोटातल्या अन्नाच्या आणि गर्भांच्या नोंदी तेव्हा झाल्या होत्या, पण उघड व्हायला 1990 चं दशक उजाडलं. आता ओमानजवळ शंभरापेक्षाही कमी उरले असावेत असा अंदाज आहे. 2017 मध्ये तिथे उपग्रह-यंत्र लावलेली 'लुबान' नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली, भारताच्या दक्षिण टोकापर्यंत गेली आणि पुन्हा ओमानला परतली.

सील मात्र आपल्याकडे नाहीत. किनाऱ्यावर 'सील दिसला' असं कोणी सांगितलं, तर आधी फोटो मागावा. भारतातल्या डॉल्फिन-देवमाशांव्यतिरिक्तचा सागरी सस्तन प्राणी म्हणजे समुद्री गवत खाणारा डुगाँग. तो कच्छचं आखात, मन्नारचं आखात व पाल्कची सामुद्रधुनी आणि अंदमान-निकोबार इथे आहे. नात्याने तो सीलपेक्षा हत्तीला जवळचा.

'मोजायचे म्हणजे दिसले तेवढे लिहायचे'

हा सगळ्यांत चिवट गैरसमज आहे. 'आज चाळीस डॉल्फिन दिसले' यातले किती तेच तेच पुन्हा वर आले, आणि किती त्या वेळी पाण्याखाली होते? नुसत्या आकड्यावरून काहीच कळत नाही.

म्हणून फोटो काढायचे, तेही पाठीवरच्या पराचे. भांडणं, शार्कचे चावे, जाळ्याचे दोर, इंजिनाचे पंखे यांमुळे पराच्या मागच्या कडेवर खाचा पडतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. त्यांवरून एकेक प्राणी ओळखता येतो. 1970 च्या दशकात कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर संशोधक मायकेल बिग यांनी ओर्कांवर (किलर व्हेल) ही पद्धत वापरली. तिथे हजारो ओर्का आहेत, असं तोवर समजलं जाई. प्रत्यक्षात निघाले काहीशे.

पुढचं गणित नववीच्या मुलालाही जमेल. समजा, पहिल्या फेरीत खाचांवरून ओळखू येणारे 20 डॉल्फिन टिपले. काही दिवसांनी दुसऱ्या फेरीत 25 टिपले, त्यांतले 10 आधीचेच निघाले. म्हणजे दुसऱ्या वेळच्या 25 मध्ये जुने 40 टक्के. तेव्हा पहिले 20 हे एकूण खाचवाल्यांच्या 40 टक्के धरायचे, म्हणजे खाचवाले सुमारे 50. पण पिल्लांचे आणि बऱ्याच तरुणांचे पर कोरे असतात. फोटोंत 60 टक्केच प्राणी खाचवाले असतील, तर एकूण आकडा 83 च्या आसपास जातो. यात गृहीतकंही बरीच आहेत: मधल्या काळात कोणी आलं-गेलं नाही, आणि प्रत्येक प्राणी टिपला जाण्याची शक्यता सारखी होती. समुद्रात असं क्वचितच असतं, म्हणून खऱ्या अभ्यासात फेऱ्या पुष्कळ लागतात आणि सूत्रं याहून किचकट. शिवाय उत्तर येतं ते 'अमुक ते अमुक यांदरम्यान' असं. बातमीला एकच आकडा हवा असतो, आणि इथेच घोळ होतो.

न दिसण्याचीही नोंद करावी लागते. चार तास हिंडून एकही डॉल्फिन दिसला नाही, तर तो दिवस फुकट गेला असं नवख्या विद्यार्थ्याला वाटतं. पण किती अंतर गेलो आणि किती दिसले, या दोन्हींतूनच घनता निघते. शून्याचे दिवस गाळले, तर समुद्र डॉल्फिनांनी भरल्यासारखा दिसेल. अर्थात ते शून्य शांत पाण्यातलं हवं. वारा वाढला की लाटांवर पांढरा फेस दिसू लागतो आणि त्यात पर हरवतो. कोकणात दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून पहाटेची घाई. पावसाळ्यात तर काम बंदच.

फिनलेस पोर्पॉइज हा तर परीक्षा बघणारा प्राणी. दीडेक मीटर लांब, बुजरा, आणि त्याला पाठीवर पर नाहीच. वर येतो तो क्षणभर, बोटीच्या वाटेला फारसा जात नाही. खाचांचा प्रश्नच मिटला! त्याला शोधायचं ते आवाजावरून. त्याचे 'क्लिक' 120 ते 140 किलोहर्ट्झच्या आसपास असतात, माणसाला जेमतेम 20 पर्यंत ऐकू येतं. मोबाइलचं रेकॉर्डिंगही इथे निरुपयोगी, त्यासाठी खास ध्वनिग्राहक पाण्यात सोडून ठेवावे लागतात. या कामात प्राणिशास्त्राच्या पदवीधराइतकाच इलेक्ट्रॉनिक्सचा किंवा संख्याशास्त्राचा विद्यार्थी उपयोगी पडतो.

'डॉल्फिन हसतो, त्याला बोटी आवडतात'

त्याच्या जबड्याची ठेवणच तशी आहे, मेल्यावरही तो 'हसतच' असतो. काही जातींचे डॉल्फिन बोटीच्या नाळेपुढे पोहतात हे खरं, पण हंपबॅक त्यातले नव्हेत. 'डॉल्फिन नाही तर पैसे नाहीत' अशा अटीवर निघालेल्या गोव्यातल्या बोटी एकाच कळपाला चहूबाजूंनी घेरतात, तेव्हा तो बुडी मारतो, दिशा बदलतो. पर्यटकांना हाच खेळ वाटतो.

'मच्छीमार डॉल्फिनांचे शत्रू'

जाळ्यात अडकून मरणं हा या प्राण्यांना सर्वांत मोठा धोका आहे, पण ते मारणं मुद्दाम नसतं. नुकसान दुसऱ्या बाजूचंही होतं: डॉल्फिन जाळ्यातले मासे पळवतात, जाळी फाटतात. विद्यार्थी जी प्रश्नावली घेऊन बंदरावर जातात, तिच्यात दोन्ही गोष्टी विचारल्या तरच खरी उत्तरं मिळतात. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर महाराष्ट्रात 2018 च्या अखेरीपासून मच्छीमाराला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुराव्यादाखल तो फोटो किंवा व्हिडिओ देतो. कुठे, कधी, कोणत्या जाळ्यात कोणता प्राणी अडकला, याची माहिती त्यातून आपोआप गोळा होते.

'किनाऱ्याला लागलेला देवमासा ढकलला की झालं'

बहुतेकदा तो आधीच आजारी, जखमी किंवा आईपासून तुटलेला असतो. पाण्याबाहेर स्वतःच्याच वजनाने त्याचे अवयव दबतात. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला आलेलं पिल्लू मोठ्या प्रयत्नांनी समुद्रात नेलं गेलं, तरी वाचलं नाही. प्रयत्न करू नये असं नव्हे, पण तो पशुवैद्य आणि वनखात्याच्या देखरेखीखाली व्हावा.

मेलेला प्राणी म्हणजे निव्वळ दुर्गंधी नव्हे. (आणि कोट्यवधींची 'उलटी'ही नव्हे. अंबरग्रीस फक्त स्पर्म व्हेलच्या आतड्यात, तेही मोजक्यांच्या, तयार होतं आणि भारतात ते बाळगणं, विकणं गुन्हा आहे.) आपल्या हंपबॅक डॉल्फिनचं शास्त्रीय वर्णन 1829 मध्ये फ्रान्समध्ये जॉर्ज क्युव्हिए यांनी केलं, ते मलबार किनाऱ्यावरच्या नमुन्यावरून. 2014 मध्ये कवट्या, रंग आणि डीएनए तपासून या गटाच्या चार जाती वेगळ्या मानल्या गेल्या. जतन केलेली हाडं नसती, तर ते जमलं नसतं.

असा मेलेला प्राणी दिसला, तर वनखात्याला कळवावं, हात लावू नये आणि फोटो काढावेत: पूर्ण अंग बाजूने, डोकं, उघडं तोंड (दात आहेत की दातांऐवजी झालरीसारख्या पट्ट्या), पर आणि पोटाची बाजू. शेजारी मोजपट्टी, नाहीतर निदान चप्पल ठेवावी. लोकांनी काढलेल्या सेल्फीही फेकून देऊ नयेत. मागे उभ्या माणसाच्या उंचीवरून प्राण्याची लांबी काढता येते.