पदावरचा माणूस बेपत्ता झाला, तर खुर्ची रिकामी कधी ठरते?

17 डिसेंबर 1967 रोजी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरोल्ड होल्ट व्हिक्टोरिया राज्यातल्या शेव्हियट किनाऱ्यावर पोहायला उतरले आणि परत आलेच नाहीत. मृतदेह आजवर सापडलेला नाही. राजीनामा नाही, मृत्यूचा दाखला नाही. मग नवा पंतप्रधान नेमायचा कशाच्या आधारावर?

गव्हर्नर जनरल लॉर्ड केसी यांनी मृत्यूचा प्रश्न बाजूलाच ठेवला. पंतप्रधानाची नेमणूक त्यांच्या हातात होती. ती त्यांनी संपुष्टात आणली आणि 19 डिसेंबरला जॉन मॅकइवन यांना शपथ दिली. होल्ट अपघाताने बुडाले, असा अधिकृत निष्कर्ष निघाला तो थेट 2005 साली!

निवडून आलेल्या सदस्याला मात्र असं कुणी एका सहीने काढू शकत नाही. ऑक्टोबर 1972 मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे दोन सदस्य, हेल बॉग्ज आणि निक बेगिच, अलास्कात विमानासह नाहीसे झाले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत मतदारांनी दोघांनाही पुन्हा निवडून दिलं. पुढे एकाच विमानातल्या या दोघांच्या जागा दोन वेगळ्या वाटांनी रिकाम्या झाल्या. बेगिच यांना डिसेंबरमध्ये अलास्काच्या न्यायालयीन प्रक्रियेत मृत मानलं गेलं. बॉग्ज यांची जागा 3 जानेवारी 1973 रोजी सभागृहाने ठराव करून रिक्त जाहीर केली.

आपल्याकडे काय? सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही त्याला मृत मानता येतं, हा पुराव्याच्या कायद्यातला जुना नियम भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. वारसा किंवा विम्यासाठी तो ठीक. पण लोकसभेची मुदतच पाच वर्षांची, तिथे तो काय कामाचा? म्हणून उपयोगी पडतं ते संविधानाचं कलम 101(4). खासदार परवानगीशिवाय 60 दिवस सर्व बैठकांना गैरहजर राहिला, तर सभागृह जागा रिक्त जाहीर करू शकतं. आमदारांसाठी हीच तरतूद कलम 190(4) मध्ये आहे. माणूस जिवंत आहे की नाही, हे इथे कुणी विचारत नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात घ्या. अधिवेशन संपल्यापासून पुढचं सुरू होईपर्यंतचे दिवस या साठांत धरत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात बरेच महिने जाऊ शकतात. शिवाय सभागृह जागा रिक्त जाहीर ‘करू शकतं’. केलीच पाहिजे असं नाही. तोवर पोटनिवडणूक नाही आणि त्या मतदारसंघाला प्रतिनिधीही नाही.

मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत हा पेच 2011 मध्ये उभा राहिला होता. अरुणाचलचे मुख्यमंत्री दोर्जी खांडू यांचं हेलिकॉप्टर 30 एप्रिलला बेपत्ता झालं आणि अवशेष सापडले ते पाचव्या दिवशी. नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी 5 मे रोजी, म्हणजे त्यानंतरच झाला.

गावपातळीवरचा नियम त्या मानाने रोखठोक आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 40 नुसार सदस्य रजा न घेता सलग चार महिन्यांहून जास्त काळ गावाबाहेर राहिला, किंवा सलग सहा महिने सभांना आला नाही, तर त्याचं सदस्यत्व जातं.