गोळीची भूक आणि घरच्यांचा ओरडा

"गोळ्या घेतोय ते ठीक, पण तोंडाला काही धरबंध?" मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याच्या घरात हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की आता ते ऐकून गप्प बसवत नाही. लखनौच्या तेलीबागेत आम्हा मराठी लोकांची घरं तुरळक. कोणी छावणीतल्या नोकरीमुळे इथे आलेलं, कोणी इस्पितळातल्या. शेजारपाजार सगळा हिंदी बोलणारा. भाषा बदलली तरी आरोप तोच राहतो. तिकडे "पेट है या कुआँ?", इकडे "नुसता खादाड झालाय". दोन्हीकडची समजूत एकच: औषध आजारावर काम करतं, खाणं मात्र माणसाच्या स्वभावावर जातं आणि मन घट्ट केलं की भूक आवरते.

ही समजूत मुळापासून चुकीची आहे, आणि ती खोडून काढायला फार लांब जावं लागत नाही.

तेलीबागेतून रायबरेली रोडने पुढे गेलं की संजय गांधी संस्था लागते, म्हणजे सगळ्यांचं पीजीआय. अशा मोठ्या इस्पितळात कॅन्सरच्या रुग्णाचे नातेवाईक भेटले तर त्यांचं रडगाणं बरोबर उलटं असतं. घास घशाखाली उतरत नाही, अन्नाचा वास नको वाटतो, अंगावरचं मांस झडत चाललंय. अशाच रुग्णांवर पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेतल्या डॉक्टरांनी एक चाचणी केली. ती २०२३ साली 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त छापून आली. केमोथेरपी घेणाऱ्या १२४ जणांपैकी निम्म्यांना रोज अडीच मिलिग्रॅमची एक गोळी दिली, उरलेल्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. बारा आठवड्यांनी पाहिलं तर औषधाच्या गटात ६० टक्के लोकांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढलं होतं, दुसऱ्या गटात ९ टक्के लोकांचं. ही गोळी होती ओलान्झापिन. स्किझोफ्रेनियात आणि बायपोलर आजारात आपल्याकडे सर्रास दिली जाते तीच, आणि तिथला डोस याच्या कितीतरी पट असतो.

ज्या गोळीने अन्नाकडे पाठ फिरवलेला माणूस जेवायला लागतो, ती रोज घेणाऱ्या विशीतल्या निरोगी पोटाच्या मुलाला भूक लागली तर त्याचा स्वभाव कसा काढता?

अजून घरगुती पुरावा हवा असेल तर 'भूक वाढवायचं सिरप' आठवा. पोर जेवत नाही म्हणून कित्येक घरांत ते आणलं जातं. त्यात बहुधा सायप्रोहेप्टाडिन असतं. मेंदूतल्या हिस्टामिनच्या आणि सेरोटोनिनच्या काही ग्राहींना ते अडवतं. हे ग्राही म्हणजे पेशीवरची कुलपं धरा. रसायनाची किल्ली त्यांत बसली की पुढचा निरोप जातो. 'पोट भरलं, आता पुरे' हा निरोप ज्या कुलपांतून जातो, त्यांतली दोन ओलान्झापिन आणि त्याच जातीचं क्लोझापिनही बंद करून टाकतात. सिरप प्यायलेलं मूल दोन पोळ्या जास्त खातं तेव्हा आपण म्हणतो, औषध लागू पडलं. मोठ्या माणसाने तेच केलं की तो हावरट ठरतो.

हा माझा तर्क नाही. कोणत्या औषधाने किती वजन वाढतं याचा हिस्टामिनच्या ग्राहीशी ठळक संबंध आहे, हे २००३ सालीच दाखवलं गेलं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या सॉलोमन स्नायडर यांच्या गटाने २००७ मध्ये उंदरांवर प्रयोग केले. क्लोझापिन दिल्यावर मेंदूच्या भूक सांभाळणाऱ्या भागातलं एक एन्झाइम खवळून उठलं. ज्या उंदरांत हिस्टामिनचा तो ग्राहीच नव्हता, त्यांच्यात तसं काहीच झालं नाही. तरीही कोणी म्हणेल की आजारामुळे माणूस सुस्त होतो, बसून खातो. त्याचंही उत्तर आहे. २०१० मध्ये छापलेल्या एका अभ्यासात कसलाही मानसिक आजार नसलेल्या पुरुषांना पंधरा दिवस ओलान्झापिन दिलं. त्यांचं खाणं सुमारे १८ टक्क्यांनी वाढलं. शरीर बसल्याजागी जाळत असलेली ऊर्जा मात्र कमी झाली नव्हती. माणसं धडधाकट होती आणि तरीही भूक वाढली, ती फक्त गोळीने.

ही भूक जवळून पाहिली की तिच्याबद्दल हलकं बोलवत नाही. आमच्या ओळखीच्या घरातला एक मुलगा पाच पोळ्या, भाजी, वरणभात जेवून उठायचा आणि वीस मिनिटांत स्वयंपाकघरात उभा. डबे उघडून पाहायचा. फरसाण संपलं की बिस्किटं, बिस्किटं संपली की चमच्याने साखर. "अरे, आत्ताच जेवलास ना?" असं आईने विचारलं की तो खाली बघून म्हणायचा, "माहितेय गं. पण पोटाला कळतच नाहीये." मग आईने कपाटाला कुलूप लावलं. तो रात्री चौकात जाऊन बन-मक्खन खाऊन यायला लागला. दिवसभराच्या टोमण्यांनी वैतागून त्याने कोणाला न सांगता गोळी अर्धी केली, मग बंदच. पुढे झोप उडाली, जुने संशय परत आले आणि त्याला दाखल करावं लागलं. कुलपाने त्याची भूक एका दिवसापुरतीही थांबवली नव्हती. तो गोळीबद्दल घरात बोलायचा, तेवढं मात्र थांबलं.

माझा राग इथे आहे. टोमणा मारणाऱ्याला वाटतं आपण वजनाची काळजी घेतोय. प्रत्यक्षात तो माणसाला औषधापासून तोडत असतो.

भूक गोळीची असेल तर तिच्याकडे गोळीचा दुष्परिणाम म्हणूनच बघायचं, आणि दुष्परिणाम डॉक्टरांना सांगायचा असतो. ओपीडीत रांग मोठी, वेळ थोडा. म्हणून कागदावर लिहून न्या: औषध सुरू झालं त्या दिवशीचं वजन आणि कंबर, नंतर दर आठवड्याचं वजन, आणि भूक कोणत्या वेळी अनावर होते ते. पहिल्या महिन्यातच वजन पाच टक्क्यांनी वाढलं, म्हणजे साठ किलोचा माणूस त्रेसष्टवर गेला, तर पुढे बरंच वाढण्याची ती खूण असते. पुढच्या तारखेची वाट पाहू नका. सुरुवातीला रक्तातली साखर आणि चरबी तपासायची, तीन महिन्यांनी पुन्हा, मग दर वर्षी.

डॉक्टरांच्या हातात काय काय असतं, हे घरच्यांना ठाऊक असलं की विचारता येतं. एक, औषध बदलणं. अ‍ॅरिपिप्राझोल किंवा लुरासिडोनने भूक बरीच कमी वाढते. पण प्रत्येकाला ती लागू पडतीलच असं नाही, आणि क्लोझापिन सहसा इतर औषधं हरल्यावरच देतात, तेव्हा ते सोडणं सोपं नसतं. दोन, मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध जोडणं. चीनमधल्या १२८ रुग्णांवरचा अभ्यास २००८ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. मनाच्या औषधांनी या सगळ्यांचं वजन वाढलेलं होतं. बारा आठवड्यांत मेटफॉर्मिन आणि आहार-व्यायाम दोन्ही मिळालेल्यांचं वजन सरासरी पावणेपाच किलोंच्या आसपास उतरलं, नुसत्या आहार-व्यायामाने दीड किलोच्या आत, आणि काहीच न मिळालेल्यांचं आणखी तीन किलो चढलं. 'मन घट्ट कर' म्हणणाऱ्यांनी हे आकडे दोनदा वाचावेत. आहार-व्यायामाचा उपयोग होतो, पण एकट्याने त्याचा जोर थोडा पडतो. मेटफॉर्मिन मात्र डॉक्टरांनी मूत्रपिंडाची तपासणी बघूनच द्यायचं. शेजारच्या काकांच्या पाकिटातलं उचलायचं नाही.

घरात करण्यासारखं बरंच आहे, आणि ते सगळ्या घराने मिळून करायचं. कुलूप लावण्यापेक्षा फरसाण आणि बिस्किटांचे पुडे आणूच नका, कोणासाठीच. जेवणाच्या वेळा घट्ट ठेवा आणि मधल्या वेळचं खाणं आधीच ठरवून समोर ठेवा, म्हणजे भूक उसळल्यावर डबे शोधायची वेळ येत नाही. तेलीबागेत हातगाडीवर गरम भाजलेले चणे मिळतात, सत्तू कुठल्याही किराणा दुकानात. थंडीत पेरू आणि ओले मटार. मराठी घरात मोडाची उसळ, काकडीची कोशिंबीर, पातळ ताक, उकडलेली अंडी आहेतच. ताटात उसळ आणि कोशिंबीर आधी, पोळी-भात नंतर. मनाच्या काही औषधांनी तोंडाला कोरड पडते. ती भागवायला सरबत आणि कोल्ड्रिंक प्यायली तर साखर त्या वाटेने जाते. पाण्याची बाटली जवळ असू द्या. आणि माणूस "भूक लागलीय" म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"गाल वर आले, म्हणजे औषध मानवलं." वजन वाढणं ही आजार बरा होत असल्याची खूण नाही.

"मनाच्या सगळ्याच गोळ्यांनी माणूस फुगतो." ओलान्झापिन, क्लोझापिन, मिर्टाझापिन, व्हॅल्प्रोएट यांनी वजन वाढण्याचा संभव जास्त, फ्लुओक्सेटिनने सुरुवातीला भूक उलट कमीही होते.

"तरुण पोरांना काही होत नाही." उलट त्यांनाच जास्त होतं. २००९ साली 'जामा'त आलेल्या न्यूयॉर्कमधल्या अभ्यासात, पहिल्यांदाच ओलान्झापिन सुरू झालेल्या मुलांचं वजन अकरा आठवड्यांच्या आसपास सरासरी साडेआठ किलोंनी वाढलं होतं.

"गोळी बंद केली की शरीर आपोआप सुधारेल." फिनलंडमधल्या हजारो रुग्णांच्या अकरा वर्षांच्या नोंदी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आल्या. त्यांत औषध न घेणाऱ्यांतलं मृत्यूचं प्रमाण जास्त होतं, आणि सर्वांत कमी क्लोझापिन घेणाऱ्यांत.

"वजन वाढलं नाही, मग साखर कशाला तपासायची?" ओलान्झापिन आणि क्लोझापिनने वजन न वाढताही साखर वाढू शकते.

"रात्रीचं जेवण सोडलं की झालं." लुरासिडोन घेणाऱ्याला हे चालत नाही: ते किमान ३५० कॅलरींच्या जेवणासोबत घ्यावं लागतं, उपाशीपोटी घेतलं तर पुरेसं अंगी लागत नाही आणि आजार उसळू शकतो.

"मीठ सोडा, वजन उतरतं." लिथियम घेणाऱ्याने हे परस्पर मुळीच करू नये: मीठ एकदम कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं, रक्तातलं प्रमाण चढतं, आणि हात थरथरणं, उलट्या, तोल जाणं असं सुरू झालं तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावं लागतं.