मुठ्याहून चाकणला

आमच्या मुठा गावात मुख्य पीक भाताचे. कार्तिकात कापणी झाली की बहुतेक खाचरे रिकामी आणि माणसांचे हातही. म्हणून मावळ-मुळशीची माणसे मुंबईत डबे पोचवू लागली. तो धंदा १८९० पासूनचा. आजोबाही डबे वाहत, पण आषाढात लावणीला घरी हजर! त्यांचे डबे तेवढे दिवस गावचाच गडी सांभाळी.

दादा मात्र पुण्याच्या उत्तरेला, चाकणला कारखान्यात आहे. (फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाएस्तेखानाशी झुंजवलेला किल्ला तिथलाच.) यंत्रावरची पाळी गाववाला कशी घेणार? ठेकेदाराकडे खाडा म्हणजे पगार कापला. यंदा चिखलात आबा, आई आणि मी. रोपे निबर झाली, तरी एक खाचर राहिलेच. दादाने मजुरीचे पैसे धाडले होते. माणूस मिळाला नाही.